चार तोंडांचे घर: क्यूच्या टेम्परेट हाउस लॉजचा प्रकरण अभ्यास

लंडनच्या पश्चिम अंगाला थेम्सकाठी क्यूची शाही वनस्पतीबाग आहे. बागेच्या पूर्वेकडून क्यू रोड जातो. त्या बाजूला, टेम्परेट हाउस या प्रचंड काचघरापासून जवळच, लाल विटांचे एक लहानसे घर आहे. एक मजला, वर छपरात पोटमाळा, चारही बाजूंनी उतरणारे उभट कौलारू छप्पर, आणि छपराच्या मधोमध घराच्या मानाने जरा थोराडच वाटणारे धुराडे. हे टेम्परेट हाउस लॉज. विल्यम ईडन नेसफिल्ड या वास्तुविशारदाने ते १८६६-६७ मध्ये आखले. काचघर गाठायच्या घाईत असलेला माणूस त्याच्याकडे ढुंकूनही बघत नाही. इंग्लंडच्या स्थापत्याच्या इतिहासात मात्र पुढे ‘क्वीन ॲन’ या नावाने जी शैली घराघरांत पोचली, तिच्या अगदी सुरुवातीच्या इमारतींत या लॉजची गणना होते.

या घराचा अभ्यास दोन अंगांनी करावा लागतो. एक, नेसफिल्डसमोर प्रश्न काय होता आणि तो त्याने कसा सोडवला. दुसरे, त्याच उत्तरामुळे अशा घराची दुरुस्ती साध्या विटांच्या घरापेक्षा वेगळी का करावी लागते. दोन्ही गोष्टी एकमेकींत अडकलेल्या आहेत. घराला देखणे करणारा प्रत्येक भाग हा त्याचा नाजूक भागही आहे.

लॉजचा मूळ पेच

आपल्या वाड्यांत देवडी दरवाज्याच्या पोटातच असते. पहारेकरी बसतो ती जागा वाड्याच्या भिंतीचाच भाग. इंग्रजी बागांचे आणि इस्टेटींचे फाटकावरचे लॉज तसे नसते. ते सुटे उभे असलेले पूर्ण घर असते. फाटक उघडणारा माणूस कुटुंबासह तिथे राहतो, म्हणजे स्वयंपाक, धुणे, कोळसा साठवणे, झोपणे हे सगळे त्या तीन-चार खोल्यांत बसवायचे. शिवाय रस्त्यावरून येणारा आणि बागेतून जाणारा असे दोघेही खिडकीतून दिसले पाहिजेत.

पेच इथेच पडतो. साध्या घराला पुढची बाजू असते आणि मागची असते. मागे मोरी, पाइप, कोळशाची खोली, कपड्यांची दोरी लपवता येते. लॉजला मागची बाजू नसतेच. रस्ता एकीकडून, बागेची वाट दुसरीकडून, आणि माणसे चारही अंगांनी फिरत असतात. व्हिक्टोरियन काळातले ठरलेले उत्तर म्हणजे मुद्दाम बेढब आखणी. एक भिंत पुढे, एक मागे, नक्षीदार लाकडी पट्ट्यांचे तिकोने (छपराच्या टोकाखालच्या त्रिकोणी भिंती), दोन-तीन ट्यूडर, म्हणजे सोळाव्या शतकातल्या इंग्रजी थाटाची धुराडी, आणि उरलेसुरले लपवायला एका बाजूला दाट झुडपे. अशी हजारो लॉज ब्रिटनभर उभी राहिली. त्यांतली काही गोड आहेत, पण बरीचशी पोस्टकार्डासाठी सजवल्यासारखी वाटतात.

नेसफिल्डने बेढबपणा सोडून प्रमाणबद्धता धरली. चौकोनी घर, चारही बाजूंना तोंड, मध्यावर धुराडे. कल्पना इतकी साधी आहे की ती आधी कुणाला सुचली नाही याचेच नवल वाटावे. सुचली होतीही, पण दोनशे वर्षांपूर्वी.

नमुना बागेतच उभा होता

क्यूच्या त्याच बागेत ‘डच हाउस’ आहे, आजचा क्यू पॅलेस. सॅम्युएल फोर्ट्री या व्यापाऱ्याने तो १६३१ मध्ये बांधवला. लाल वीट, वळणदार तिकोने, कातून बसवलेल्या विटांचे काम. सतराव्या शतकातल्या इंग्लंडमधल्या उत्तम वीटकामाचा तो नमुना समजला जातो. लॉज त्याची नक्कल नाही, पण दोन्ही इमारती एका फेरीत बघितल्या की घराणे ओळखू येते.

नेसफिल्डचा जन्म १८३५ चा. आधी विल्यम बर्नच्या आणि मग आत्याचे यजमान अँथनी सॅल्विन यांच्या कार्यालयात तो शिकला; ही दोन्ही मंडळी श्रीमंतांच्या मोठ्या हवेल्या आखणारी. वडील विल्यम अँड्र्यूज नेसफिल्ड उद्यानरचनाकार होते आणि १८४० च्या दशकात क्यूच्या वाटा आणि लांब दृश्यरेषा त्यांनीच आखल्या होत्या. १८६६ ते १८६९ या काळात मुलाची रिचर्ड नॉर्मन शॉ या वास्तुविशारदाशी भागीदारी होती. लॉज त्याच वर्षांतले, पण रचना नेसफिल्डची. बागेचे संचालकपद नुकतेच, १८६५ मध्ये, विल्यम हूकर यांच्या निधनानंतर त्यांचे पुत्र जोसेफ हूकर यांच्याकडे आले होते. शेजारचे टेम्परेट हाउस डेसिमस बर्टनने आखलेले, १८५९ मध्ये सुरू झालेले आणि पुरते व्हायला १८९९ उजाडलेले. लोखंड, काच आणि अभिजात थाट असलेल्या त्या काचघराशी जुळवून घ्यायचा लॉजने अजिबात प्रयत्न केलेला नाही, आणि तेच बरे झाले.

काळही अनुकूल होता. काचेवरचा कर १८४५ मध्ये, विटांवरचा १८५० मध्ये आणि खिडक्यांवरचा १८५१ मध्ये उठला होता. वीट स्वस्त झाली आणि काचेचे मोठे ताव सहज मिळू लागले. गंमत अशी की मोठी काच हाताशी असताना या शैलीने मुद्दाम बारीक तावदाने निवडली. त्याच सुमारास मुंबईत किल्ल्याचा कोट पाडून झाला होता आणि गॉथिकचा, म्हणजे टोकदार कमानींच्या शैलीचा, मोसम सुरू होत होता. विद्यापीठाच्या इमारती, राजाबाई टॉवर, व्हिक्टोरिया टर्मिनस हे सगळे यानंतरचे. म्हणजे लंडनमधले तरुण वास्तुविशारद ज्या गॉथिकला कंटाळले होते, ती आपल्याकडे तेव्हा कुठे बोटीतून उतरत होती.

नवी शैली मोठ्या हवेलीवर करून बघायला मालकाची छाती लागते. लॉजवर फसली तरी नुकसान थोडे, आणि जमली तर येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाच्या नजरेस पडते. नेसफिल्डने लगेच १८६८ मध्ये वेल्समधल्या किन्मेल इथे ‘गोल्डन लॉज’ केले, मग तिथेच १८७० च्या दशकात किन्मेल हॉल हा अवाढव्य वाडा. शॉचे न्यूझीलंड चेंबर्स, स्टीव्हन्सनचे रेड हाउस, लंडन स्कूल बोर्डाच्या रॉबसनने आखलेल्या शाळा, १८७५ पासून वसलेली लंडनमधली बेडफर्ड पार्क ही वसाहत, हे सगळे १८७० च्या दशकातले. राणी ॲनचा राज्यकाळ १७०२ ते १७१४, आणि या शैलीतला बराच ऐवज त्याआधीचा. नाव चुकीचे आहे, पण रुळले.

धुराड्याभोवतीचा नकाशा

मधोमध एकच धुराडे ठेवल्याने काय काय साधते ते एकेक करून बघण्यासारखे आहे, कारण दुरुस्तीच्या वेळी हे ठाऊक नसले की चुकीचा भाग आधी उघडला जातो.

अशा नकाशात चुली पाठीला पाठ लावून बसतात आणि त्यांच्या सगळ्या धूरनळ्या एका जुडीत वर जातात. बाहेरच्या भिंतीत एकही चूल नसल्याने चारही भिंती खिडक्यांना मोकळ्या राहतात. चार तोंडांचा पेच इथेच निम्मा सुटतो. विटांचा तो जाड गाभा घराच्या पोटात असल्याने त्याची ऊब खोल्यांना मिळते. नळ्याही गरम राहतात आणि धूर चांगला ओढतात. बाहेरच्या भिंतीतली नळी थंड पडते, धुरातली वाफ आतच थिजते आणि काजळीचे पाणी विटांत मुरते.

दुसरा फायदा छपराचा. चार उतरती पाखी जिथे एकत्र येतात ते टोक कौलारू छपराचे सर्वांत अवघड ठिकाण. तिथे कौले कापावी लागतात आणि वारा सगळ्यात जोरात तिथेच लागतो. धुराडे नेमके त्या टोकातून वर आले की ते टोकच उरत नाही. शिवाय उताराच्या मध्ये धुराडे आले तर त्याच्या वरच्या अंगाला पाणी तुंबते, तिथे शिशाची आडवी पन्हळ घालावी लागते आणि गळतीची सुरुवात बहुधा तिथूनच होते. माथ्यावरच्या धुराड्यापासून पाणी चारही बाजूंना निघून जाते. धुराडे आणि कौले यांचा सांधा झाकणाऱ्या शिशाच्या पट्ट्या चारही अंगांना लागतात, त्यांची वरची कड किमान १५० मिलिमीटर उंच हवी, पण तुंबणारी जागा मुळातच नसते.

तिसरा, उंचीचा. ब्रिटनच्या आजच्या बांधकाम नियमांच्या मार्गदर्शिकेत धुराड्याची उंची त्याच्या अरुंद बाजूच्या साडेचारपटीपेक्षा जास्त नसावी असा ठोकताळा आहे. ४५० मिलिमीटर रुंदीचे सुटे धुराडे त्या हिशेबाने जेमतेम २ मीटर जाऊ शकते. अनेक नळ्यांची जुडी १२०० मिलिमीटर रुंद झाली तर ५.४ मीटरपर्यंत मुभा मिळते. नेसफिल्डपुढे हा नियम नव्हता, पण पदार्थविज्ञान तेच होते. लॉजचे धुराडे थोराड आहे म्हणूनच ते उंच जाऊ शकते, आणि उंच आहे म्हणूनच घर झाडांच्या गर्दीत हरवत नाही.

आता बिघाड. येथून पुढे जे दोष सांगितले आहेत ते या बांधणीच्या घरांना सर्रास होणारे आहेत. कोळशाच्या धुरातला गंधक ओल्या विटांत शिरला की त्याची सल्फेट लवणे होतात. दरजांत, म्हणजे विटांमधल्या सांध्यांत, सिमेंट असेल तर ही लवणे सिमेंटमधल्या घटकांशी संयोग पावून फुगतात. इंग्लंडमध्ये पावसाचे वारे बहुतेक नैर्ऋत्येचे, त्यामुळे ती बाजू जास्त भिजते आणि तिकडच्या दरजा जास्त फुगतात. एक बाजू वाढली की धुराडे दुसरीकडे कलते. जुन्या धुराड्यांचा कल पायाच्या दोषाने आला असेल असे धरून चालणारे लोक भेटतात. आधी ओळंबा लावावा. कल छपराच्या वरच सुरू होत असेल तर पायाला हात लावायचे काहीही कारण नाही. क्यूची जमीन तशीही वाळू-खडीची आहे. लंडनच्या चिकणमातीसारखी ती उन्हाळ्यात आकसून भिंती ओढत नाही.

दुसरा नेहमीचा दोष म्हणजे वापरात नसलेल्या नळ्या वरून सिमेंटने ठोकून बंद करणे आणि खाली चुलीच्या तोंडाला फळी मारणे. नळीत कोंडलेली दमट हवा जुन्या काजळीतली लवणे भिंतीत उतरवते आणि पोटमाळ्याच्या गिलाव्यावर पिवळट तपकिरी डाग पडतात. रंग कितीही वेळा दिला तरी ते परत उमटतात. उपाय सोपा आहे. वर पाऊस अडवणारी पण हवा जाऊ देणारी टोपी, खाली चुलीच्या बंद तोंडात जाळी. दोन्ही टोके उघडी राहिली पाहिजेत. एकच उघडून काही होत नाही.

घासलेली वीट

क्वीन ॲन शैलीचा जीव वीटकामात आहे, आणि त्यातही घासून बसवलेल्या विटेत. ही वीट मुळातच वेगळी. बारीक वाळू मिसळलेल्या धुतलेल्या मातीची, मंद आचेवर भाजलेली, त्यामुळे बाहेरून आतपर्यंत एकसारखी मऊ. कारागीर तिला ‘रबर’ म्हणतात. साध्या विटेवर भट्टीत जो कडक पापुद्रा येतो तो हिच्यावर जवळजवळ नसतो. कामाचा क्रम असा: सपाट दगडावर गोल गोल घासून विटेचे तोंड आणि एक कड काटकोनात आणायची, मग लाकडी साच्याच्या पेटीत ठेवून पीळ दिलेल्या तारेच्या करवतीने मापात कापायची, शेवटचा हात कानशीचा. मग वीट पाण्यात भिजवून तिचा तळ विरवलेल्या चुन्याच्या पातळ लगद्यात बुडवायचा आणि जागेवर दाबून बसवायची. दरज साधारण १ मिलिमीटरची राहते.

या एका मिलिमीटरने सगळे गणित बदलते. २१५ × ६५ मिलिमीटर तोंडाची वीट १० मिलिमीटरच्या दरजांनी बसवली तर भिंतीच्या दर्शनी भागात जवळपास १७ टक्के चुना दिसतो. दरज १ मिलिमीटरची केली तर जेमतेम २ टक्के. जुन्या भिंतीत मुरलेले पाणी बाहेर पडते ते बरेचसे दरजांतल्या सच्छिद्र चुन्यातून. झिजायचे ते चुन्याने झिजावे आणि वीट वाचावी अशीच ती योजना असते. घासलेल्या विटांच्या कामात ती वाट मिळतच नाही, म्हणून विटेला स्वतःच श्वास घ्यावा लागतो. अशा विटेवर पाणी न शोषणारा पारदर्शक लेप मारणे म्हणजे तिचे नाक दाबणे. लेपामागे ओल साचते, थंडीत गोठते, आणि विटेचे तोंड पापुद्र्यासारखे सुटते. एकदा तोंड सुटले की आतला भागही तितकाच मऊ, त्यामुळे ऱ्हास थांबत नाही.

सफाईतही हेच भान हवे. वाळूचा फवारा किंवा जोरदार पाण्याचा झोत घासलेल्या विटेच्या कडा एका दुपारी गोल करून टाकतो, आणि कडा गोल झाल्या की एक मिलिमीटरची दरज चार मिलिमीटरची दिसू लागते. काळा थर जमतो तो कार्निसखाली, म्हणजे छपराच्या कडेखाली पुढे आलेल्या पट्ट्याखाली, जिथे पाऊस धुऊन काढत नाही. तिथे बारीक तुषारांनी थर मऊ करून नायलॉनच्या ब्रशने हलक्या हाताने काढावा, तारेच्या ब्रशने नाही. संपूर्ण स्वच्छ करण्याचा हट्ट सोडावा.

दरजा भरताना घर दोन भागांत वाटून घ्यावे. साध्या वीटकामात सैल झालेला चुना अरुंद छन्नीने दरजेच्या रुंदीच्या किमान दुप्पट खोल काढायचा, २० ते २५ मिलिमीटर, मग पाणी शिंपडून नवा चुना दाबून भरायचा. एक भाग मध्यम ताकदीचा जलीय (पाण्याशी संयोग होऊन घट्ट होणारा) चुना आणि अडीच ते तीन भाग चांगली खरखरीत वाळू. धुराड्यासारख्या उघड्या जागी जरा जास्त ताकदीचा चुना चालतो. घासलेल्या विटांच्या भागात मात्र शक्यतो हातच लावू नये. लगदा जिथे खरोखर गळून गेला आहे तिथे विरवलेला चुना आणि अतिबारीक पांढरी वाळू यांचा मऊ लगदा, दोन्ही बाजूंच्या विटांवर चिकटपट्टी लावून, पातळ पात्याने भरतात. फिरत्या चक्रीचे यंत्र या भागाच्या आसपासही नको. एक मिलिमीटरच्या दरजेत दोन मिलिमीटरची चक्री घातली तर काय होईल हे वेगळे सांगायला नको, तरी ते घडते.

खराब वीट बदलायची तर तिचा रंग जुळवण्याआधी तिचे पाणी शोषण्याचे प्रमाण जुळवावे. रंग काही वर्षांत जमतो. कडक वीट मऊ विटांत बसवली तर तिच्या शेजारच्या विटा आधी मरतात.

कार्निसखालचा गोलवा

भिंत आणि छपराची कड यांच्यामध्ये लॉजला मोठा, आत वळलेला गोलवा आहे. खालून बघणाऱ्याला तो वजनदार दगडी पट्ट्यासारखा भासतो. अशा गोलव्याची अंगची घडण मात्र अगदी हलकी असते. वाशांच्या पायाशी ठोकलेले वक्र कापाचे लाकडी कंस, त्यांवर साधारण २५ मिलिमीटर रुंद पातळ पट्ट्या, दोन पट्ट्यांमध्ये ६ ते १० मिलिमीटरची फट, आणि वर जनावराचे केस घातलेल्या चुन्याचा तीन थरांचा गिलावा. पहिला थर फटींतून पलीकडे शिरतो आणि मागे आकड्यासारखा अडकतो. गोलव्याचे सगळे वजन त्या न दिसणाऱ्या आकड्यांवर.

आता याच्या डोक्यावर काय आहे? पन्हळ. सगळ्या छपराचे पाणी या गोलव्याच्या वरच्या कडेला येऊन पडते. भिंतीलगत पन्हळ असती तर गळती विटेवर हिरवी रेघ होऊन दिसली असती. इथे पाणी गोलव्याच्या मागे, बंद पोकळीत उतरते. लाकडी पट्ट्या कुजतात, खिळे गंजतात, गिलाव्याचे आकडे सुटतात, आणि बाहेरचा रंग शेवटपर्यंत ठीक दिसतो. मग एखाद्या थंडीत दीड-दोन मीटरचा तुकडा एकदम खाली येतो. या प्रकारच्या घरातला सगळ्यात धोकादायक दोष हाच, आणि पाहणीत सर्वांत जास्त वेळा सुटतो तोही हाच.

ओळखायची रीत जुनीच आहे. बोटांच्या मागच्या बाजूने गोलव्यावर टकटक करत जायचे. भरीव आवाज येतो तिथे आकडे धरून आहेत, पोकळ आवाज येतो तिथे सुटलेले आहेत. पोकळ जागा खडूने आखून घ्याव्यात. तळहाताएवढी पोकळी बघून ठेवली तरी चालते. दोन कंसांमधला अख्खा भाग पोकळ असेल तर वरून दोन कौलांच्या रांगा काढून आत दिवा टाकून बघावे. पट्ट्या शाबूत असतील तर मागच्या बाजूने केसाळ चुना भरून आकडे नव्याने करता येतात. कुजल्या असतील तर तेवढाच भाग कापून नवा करायचा. वक्राचा साचा शेजारच्या शाबूत भागावरून पत्र्यावर उतरवून घ्यावा, कागदावरच्या जुन्या नकाशावरून नव्हे; दीडशे वर्षांत घर थोडे बसलेले असते.

पन्हळीचे पाणी खाली कसे आणायचे हा या रचनेतला अवघड सांधा आहे. गोलवा भिंतीपासून जितका पुढे, तितकाच पाइपला मागे वळून भिंतीला टेकावे लागते. तो वाकडा तुकडा नेमका गोलव्याच्या तोंडावरून जातो. चारही बाजू दर्शनी असताना हे खटकते, म्हणून पाइप कमीत कमी आणि कोपऱ्यांजवळ ठेवण्याकडे कल असतो. पण पाइप कमी म्हणजे एकेका पाइपवर पाणी जास्त, आणि एक तुंबला की संपूर्ण बाजू उतू जाते. झाडांनी वेढलेल्या बागेत हे दर पानगळीत होऊ शकते. पन्हळ वर्षातून दोनदा साफ करायची: पाने पुरती गळल्यावर, म्हणजे डिसेंबरच्या सुमारास, आणि पुन्हा वसंताच्या अखेरीस फुलोऱ्याचा कचरा पडून गेल्यावर. सगळ्या देखभालीत सर्वांत स्वस्त काम हे, आणि अंदाजपत्रकातून पहिली काट यालाच लागते.

कौले आणि खिडक्या

छपराचे गणित थोडक्यात. इंग्लंडचे साधे सपाट कौल २६५ × १६५ मिलिमीटरचे, एकावर एक किमान ६५ मिलिमीटर चढवलेले, म्हणजे रिपांमधले अंतर १०० मिलिमीटर. एका चौरस मीटरला सुमारे ६० कौले लागतात. उदाहरणादाखल ८ मीटर बाजूचे चौकोनी घर आणि ५५ अंशांचा उतार धरला तर छपराचे क्षेत्र साधारण ११२ चौरस मीटर आणि कौले ६,७०० च्या आसपास. तेच घर ४० अंशांच्या उतारावर ५,००० कौलांत झाकले असते. उभट छप्पर तिसऱ्या हिश्श्याने महाग पडते. बदल्यात पाणी झटकन उतरते, कौले लवकर वाळतात, थंडीत कमी फुटतात, आणि आत उभे राहता येईल अशी खोली मिळते.

जुनी कौले काढताना निम्म्याहून जास्त बहुधा वाचतात. मेलेले असतात ते खिळे. वाचलेली कौले दर्शनी पाख्यावर एकत्र लावून नवी दुसरीकडे लावायचा मोह होतो. चार तोंडांच्या घरात ते दिसतेच. जुनी-नवी सगळीकडे मिसळून लावावीत. पाख्यांच्या कोनावरची वाकडी टोपीकौले चुन्यात बसवावीत. सिमेंटमध्ये बसवली की खालचे लाकूड ओले राहते. पोटमाळ्यात उष्णतारोधक थर घालताना कौलांच्या खालच्या पडद्यामागे ५० मिलिमीटर हवेची वाट सोडावी. आणि कुठलेही कौल उचलण्याआधी वटवाघळांची पाहणी हवी. ब्रिटनमध्ये १९८१ च्या वन्यजीव कायद्याने त्यांना संरक्षण आहे, आणि क्यूसारख्या झाडीत ती छपरात असण्याची शक्यता चांगलीच.

छपरातून बाहेर डोकावणाऱ्या खिडक्यांना पेडिमेंटचा, म्हणजे वर अभिजात तिकोन्याचा, मुकुट आहे. तिकोना आणि पाखे भेटतात त्या घळीत पातळ शिसे लागते. शिशाचा एकच लांब तुकडा टाकला तर उन्हाने वाढून तो फाटतो. दीड मीटरपेक्षा लांब तुकडा वापरू नये. वर-खाली सरकणाऱ्या बारीक तावदानांच्या खिडक्यांत दुहेरी काच बसवायची मागणी आता सर्रास होते. जाड काचेला जाड पट्ट्या लागतात, वजन वाढते, खिडकीचा तोल सांभाळणारी, भिंतीत लपलेली वजने बदलावी लागतात आणि जुन्या काचेची लहर जाते. आतून बसवायची सुटी दुसरी काच हा सरस पर्याय आहे.

दुरुस्तीचा क्रम

इमारत संरक्षित यादीत असली की १९९० च्या कायद्यान्वये तिचे रूप बदलणाऱ्या कामाला परवानगी लागते, आणि क्यूची संपूर्ण बाग २००३ पासून जागतिक वारसास्थळ आहे. म्हणून कागदपत्रे आधी. प्रत्येक बाजूचा सरळ समोरून घेतलेला फोटो, त्यावर विटेविटेचे निदान, धुराड्याच्या चारही बाजूंचा ओळंबा.

मचाण असे बांधावे की त्याचा भार गोलव्यावर किंवा कौलांवर येणार नाही. धुराड्याभोवतीचा मंच जमिनीवरून उचललेला हवा. भिंतीत खुंट्या मारून मचाण बांधणे घासलेल्या विटांत चालत नाही.

काम वरून खाली. धुराडे, मग शिसे, मग कौले, मग पन्हळ, मग गोलवा, मग वीटकाम, शेवटी खिडक्यांचा रंग. उलट क्रमाने केले तर धुराड्याचा चुना नव्या रंगावर ओघळतो, हे तर झालेच. पण खरे कारण वेगळे आहे. पन्हळ दुरुस्त झाल्यावर ओली भिंत वाळायला एक उन्हाळा द्यावा लागतो. बरेचसे डाग आणि फुगे त्यात आपोआप थांबतात आणि वीटकामाची यादी लहान होते. घाई असलेला ठेकेदार हा उन्हाळा गिळतो आणि वाळत आलेल्या विटाही बदलून टाकतो.

चुन्याचे काम एप्रिल ते सप्टेंबर एवढ्याच काळात. तापमान ५ अंशांखाली जाणार असेल तर थांबावे. ताज्या चुन्यावर ओले गोणपाट टांगून त्याला सावकाश वाळू द्यावे. पायाशी माती आणि वाटेची खडी वर्षानुवर्षे चढत जाते. ती जोत्यातल्या ओलरोधक थराच्या १५० मिलिमीटर खाली आणावी, आणि लाकडी जमिनीखाली हवा नेणाऱ्या जाळीदार विटा मोकळ्या कराव्यात. गोलव्याचा शेवटचा थर चढवायच्या आधी पन्हळीच्या प्रत्येक बाजूला बादल्यांनी पाणी ओतावे आणि कुणीतरी पोकळीत दिवा घेऊन बसावे. मचाण उतरल्यावर सापडलेली गळती दुरुस्त करायला पुन्हा मचाण लागते, आणि एवढ्याशा घराच्या खर्चात मचाणाचा वाटाच मोठा असतो.